तांबडा विंचू आणि रक्तवाहिनीचा लगाम

बीटा-१ हे १९१ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन रक्तवाहिन्या, श्वासनलिका आणि मूत्राशय यांच्या भिंतींतील मृदू स्नायूंमध्ये आढळते. या स्नायूंच्या पेशीपटलात पोटॅशियमचे आयन बाहेर सोडणारी मोठी दारे असतात. त्यांना बीके चॅनेल म्हणतात. बीटा-१ हे अशा दाराला चिकटून राहणारे उपघटक प्रथिन आहे. त्याच्यातून काहीही वाहत नाही. कॅल्शियमचा केवढा इशारा मिळाला की दार उघडावे, एवढेच ते ठरवते. दार उघडले की स्नायू सैलावतो आणि बंद राहिले की आवळलेलाच राहतो. रक्तवाहिनी किती आवळावी, यावर शरीराने घातलेला हा एक लगाम आहे.

हा लगाम शोधण्याच्या कामी दोन विंचवांची विषे आली. एक पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातील पिवळ्या विंचवाचे, तर दुसरे भारतीय तांबड्या विंचवाचे. प्रयोगशाळांत या विषाचा एकेक रेणू वेगळा केला जात होता, त्याच वर्षांत रायगड जिल्ह्यातील महाड येथे तोच तांबडा विंचू चावलेल्या रुग्णांच्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल कशा करायच्या, याचा शोध चालू होता. दोन्ही कामे एकमेकांपासून दूर, स्वतंत्रपणे झाली. त्यांचा धागा नंतर जुळला.

दगडाखालचा जीव

तांबड्या विंचवाला शास्त्रीय नाव दिले ते डॅनिश कीटकतज्ज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस यांनी, १७९८ मध्ये. ‘टॅम्युलस’ हा त्या नावातील शब्द तमिळ प्रदेशाकडे निर्देश करतो. पुढे याच विंचवाला ब्यूथस, मग मेसोब्यूथस आणि आता हॉटेंटोटा अशा वेगवेगळ्या प्रजातींत घातले गेले. त्यामुळे जुन्या वैद्यकीय लेखांत आणि नव्या लेखांत तो निरनिराळ्या नावांनी भेटतो. मराठी मुलखात मात्र तो सरळ ‘तांबडा विंचू’ आहे. मोठ्या काळ्या विंचवाच्या मानाने तो अंगाने लहान आणि नांग्यांनी बारीक असतो, पण विष त्याचेच जहाल. काळ्या विंचवाच्या डंखाने वेदना खूप होतात, जिवावर सहसा बेतत नाही. तांबड्याचे तसे नाही.

कोकणातील जांभ्या दगडाची जमीन त्याला मानवते. तो भाताच्या पेंढ्यात, कौलारू घरांच्या वाशांत आणि सरपणाच्या ढिगाखाली राहतो. सह्याद्री ओलांडल्यावर पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा लागतो, तेथेही तो आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, शेळगावसारख्या गावांच्या शिवारात, एका बाजूला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस तर दुसऱ्या बाजूला मुरमाड माळ, दगडी ताली आणि कडब्याच्या गंजी असे चित्र दिसते. विंचवाला लागणारा आडोसा या दुसऱ्या बाजूला भरपूर मिळतो. दिवसा तो दगडाखाली दडून राहतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. म्हणून डंख बहुधा अंधारात, अनवाणी पायाला, किंवा गंजीत आणि सरपणात हात घातल्यावर होतो.

विंचवाच्या डंखाने वेदनेखेरीज आणखी काहीतरी होते, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी आपल्या भारुडात कामक्रोधाला विंचवाचे रूपक दिले आणि डंखानंतर अंगाला घाम सुटण्याचा त्यात उल्लेख केला. रूपक अध्यात्माचे असले तरी लक्षण अचूक आहे. तांबड्या विंचवाचे विष अंगात भिनू लागल्याची पहिली खूण म्हणजे दरदरून घाम आणि ओकारी.

महाडचा प्रश्न

विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होऊन माणूस दगावतो, ही बाब आधुनिक वैद्यकाच्या नोंदीत ठळकपणे आली ती १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील मुंडले यांच्या लेखाने. १९७८ मध्ये गायतोंडे, जाधव आणि बावस्कर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये याच विषयावर टिपण प्रसिद्ध केले. त्या काळात तांबड्या विंचवाच्या गंभीर दंशाने दवाखान्यात आलेल्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. ठरलेला असा उपचार नव्हता. वेदनाशामके, गुंगीची औषधे, स्टेरॉइड आणि अॅट्रोपिन, जे हाताशी असेल ते दिले जाई. त्यांपैकी काही औषधे निरुपयोगी होती, तर काही रुग्णाची अवस्था आणखी बिघडवणारी.

लॅन्सेटच्या टिपणातील बावस्कर म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातील देहेड हे त्यांचे गाव. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसे, विशेषतः लहान मुले, तेथे नित्य येत. बावस्कर त्यांच्या उशाशी बसून तासातासाने नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची नोंद ठेवू लागले. त्या नोंदींतून घटनांचा एक ठरावीक क्रम पुढे आला. ओकारी, घाम, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांत व मुलग्यांत लिंगाचा ताठरपणा ही लक्षणे आधी दिसत. त्याच वेळी रक्तदाब खूप वाढलेला असे. काही तासांनी हृदय थकत जाई, फुप्फुसांत पाणी साचे, रक्तदाब कोसळे आणि रुग्ण हातचा जाई. सुरुवातीची ही लक्षणे म्हणजे पुढच्या संकटाची सूचना होय, अशी मांडणी त्यांनी १९८२ च्या ‘लॅन्सेट’मधील लेखात केली.

या क्रमामागचे कारण पुढे स्पष्ट होत गेले. तांबड्या विंचवाच्या विषातील मुख्य घातक प्रथिने मज्जातंतूंच्या सोडियम चॅनेलवर काम करतात. उघडलेले सोडियमचे दार ती लवकर मिटू देत नाहीत. त्यामुळे मज्जातंतू पुन्हा पुन्हा उद्दीपित होतात आणि अॅड्रिनलिन व नॉरअॅड्रिनलिन यांचा शरीरात पूर लोटतो. ही द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या मृदू स्नायूंवरील अल्फा ग्राहींना जाऊन भिडतात आणि वाहिन्या करकचून आवळल्या जातात. हातपाय गार पडतात ते त्यामुळे. आवळलेल्या नळ्यांत रक्त लोटता लोटता हृदय दमते आणि मागे तुंबलेला दाब फुप्फुसांत पाणी करतो.

प्रश्न आवळलेल्या रक्तवाहिन्यांचा असेल, तर उपाय त्या सैल करण्याचा हवा. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचे हे औषध रक्तवाहिन्या झपाट्याने रुंदावते. रुग्ण वाचू लागले, पण या औषधाला सतत पहारा लागतो आणि खेड्यातील केंद्रात तो दर वेळी शक्य नसतो. त्यानंतर प्राझोसिन पुढे आले. रक्तदाबासाठी १९७० च्या दशकात वापरात आलेली ही गोळी नेमक्या अल्फा-१ ग्राहींना अडवते. ती स्वस्त, तोंडाने घेण्याजोगी आणि कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी होती. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये ती वापरून पाहिली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने तिच्या उपयोगाबद्दलचे टिपण छापले. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण घसरत गेले आणि पुढच्या नोंदींत ते एक टक्क्याच्या आसपास आले.

पेशीपटलातले मोठे दार

विष नसतानाही रक्तवाहिन्या थोड्याफार आवळलेल्या असतातच. आत दाब वाढला की वाहिनीची भिंत मज्जातंतूंच्या आज्ञेवाचूनही स्वतःहून आकुंचन पावते, हे विल्यम बेलिस या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये दाखवले. मग प्रश्न उरतो तो उलटा. दाबामुळे आकुंचन आणि आकुंचनामुळे आणखी दाब, अशा चक्रात वाहिनी पूर्ण मिटून का जात नाही? तिला आवरणारे काहीतरी पेशीतच असले पाहिजे.

या आवरणाऱ्याचा माग पोटॅशियमच्या दिशेने लागला. हंगेरियन शास्त्रज्ञ जॉर्ज गार्डोश यांनी १९५८ मध्ये तांबड्या रक्तपेशींत कॅल्शियम वाढले की पोटॅशियम बाहेर पडते, हे दाखवले. पुढे गोगलगायीच्या जातीतील समुद्री प्राण्यांच्या मज्जापेशींतही कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचा असाच संबंध सापडला. पण एकट्या चॅनेलचे उघडणे-मिटणे प्रत्यक्ष मोजता येत नव्हते. ती सोय एर्विन नेहेर आणि बर्ट साकमन या जर्मन शास्त्रज्ञांनी केली. काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे टोक पेशीपटलावर टेकवून एकाच चॅनेलमधून वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्याची त्यांची पद्धत १९७६ मध्ये पुढे आली आणि १९८१ पर्यंत ती चांगलीच निर्दोष झाली. या कामाला १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पद्धत हाताशी येताच १९८१ मध्ये बीके चॅनेल नजरेस आले. फ्रान्समध्ये अॅलन मार्टी यांना ते अॅड्रिनल ग्रंथीच्या पेशींत दिसले आणि अमेरिकेत पॅलोटा, मॅग्लेबी व बॅरेट यांना उंदराच्या वाढवलेल्या स्नायुपेशींत. या चॅनेलचे वेगळेपण दोन बाबींत होते. एक तर त्यातून जाणारा प्रवाह इतर बहुतेक पोटॅशियम चॅनेलच्या कित्येक पट मोठा होता. ‘बीके’ या नावातील ‘बी’ म्हणजे मोठा आणि ‘के’ हे पोटॅशियमचे रासायनिक चिन्ह. दुसरे म्हणजे ते दोन इशारे एकत्र ऐकत असे. पेशीपटलावरील विद्युतदाब बदलला तरी ते उघडण्याकडे झुके आणि आत कॅल्शियम वाढले तरी झुके. एवढा मोठा प्रवाह सोडणारे दार सोडियमला मात्र आत घेत नाही, हेही आश्चर्याचेच होते.

विषाची किल्ली

दार दिसले तरी पेशीतील असंख्य चॅनेलमधून नेमके तेच वेगळे काढायचे कसे, हा प्रश्न होता. त्यासाठी फक्त त्याच दाराला बसणारी वस्तू हवी होती. अशी वस्तू विंचवांच्या विषात मिळाली. क्रिस्टोफर मिलर, एडवर्ड मॉझिडलॉव्स्की, रामोन लाटोरे आणि मेरी फिलिप्स यांनी १९८५ च्या ‘नेचर’मध्ये वाळवंटी पिवळ्या विंचवाच्या विषातील एका प्रथिनाची माहिती दिली. ते बीके चॅनेलच्या बाहेरील तोंडात जाऊन बसते आणि ते बुजवून टाकते. जहाजे गिळणाऱ्या ग्रीक पुराणातील कॅरिब्डिस या भोवऱ्यावरून त्याला कॅरिब्डोटॉक्सिन असे नाव मिळाले.

पण ही किल्ली एकाच कुलुपाची नव्हती. कॅरिब्डोटॉक्सिन काही इतर पोटॅशियम चॅनेललाही बसे. त्यामुळे स्नायूवर त्याचा परिणाम दिसला तरी तो बीके चॅनेल बंद झाल्यामुळेच आहे, असे खात्रीने म्हणता येत नव्हते. अमेरिकेतील मर्क या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मारिया गार्सिया आणि ग्रेगरी काचोरोव्स्की यांचा गट मृदू स्नायूंवर काम करत होता. या गटाने १९९० मध्ये भारतीय तांबड्या विंचवाच्या विषातून आणखी एक प्रथिन वेगळे केले. त्याचे नाव आयबेरिओटॉक्सिन. त्याचीही लांबी ३७ अमिनो आम्लांची आणि तेही गंधकाच्या तीन बंधांनी घट्ट बांधलेले. दोन्ही विषांची रचना ६८ टक्के जुळणारी. उरलेल्या फरकाने मात्र मोठा गुण आणला होता: आयबेरिओटॉक्सिन बीके चॅनेल अडवते आणि त्याच्या जवळच्या पोटॅशियम चॅनेलना शिवतही नाही.

तेव्हापासून आयबेरिओटॉक्सिन हे प्रयोगशाळेतील रोजचे हत्यार झाले. एखाद्या स्नायूच्या कामात बीके चॅनेलचा वाटा किती, हे पाहायचे तर हे विष सोडावे आणि काय बदलते ते मोजावे. महाडच्या दवाखान्यात ज्या विंचवाने माणसे आणून टाकली, त्याच जातीच्या विषातील एक रेणू जगभरच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगांत मापदंड बनला.

सोबतीचे प्रथिन सापडते

मर्कच्या गटाने विषाचा आणखी एक उपयोग केला. किरणोत्सारी खूण लावलेले कॅरिब्डोटॉक्सिन मृदू स्नायूंच्या पेशीपटलात सोडून ते ज्याला चिकटेल त्याच्याशी रासायनिक दुव्याने कायमचे जोडून टाकले. चॅनेलचे मुख्य प्रथिन सापडेल अशी अपेक्षा होती. खूण लागली ती त्याच्याशेजारच्या एका लहान प्रथिनाला. १९९४ मध्ये गार्सिया-काल्व्हो, क्नाउस आणि सहकाऱ्यांनी गायीच्या श्वासनलिकेच्या स्नायूतून संपूर्ण चॅनेल शुद्ध करून कृत्रिम पटलात बसवला आणि तो चालता करून दाखवला. त्यात दोन वेगळी प्रथिने होती. मोठ्याला अल्फा आणि सुमारे ३१ हजार डाल्टन वजनाच्या लहानाला बीटा म्हटले गेले. त्याच वर्षी हान्स-ग्युंटर क्नाउस आणि सहकाऱ्यांनी बीटाची अमिनो आम्लांची मालिका उलगडली. हे प्रथिन पेशीपटलातून दोनदा आरपार जाते. त्याची दोन्ही टोके पेशीच्या आत राहतात आणि मधला मोठा वळसा बाहेर, चॅनेलच्या तोंडाशी, येतो. विष नेमके याच वळशाला जोडले गेले होते.

अल्फा प्रथिनाची ओळख दुसऱ्या वाटेने आधीच पटली होती. फळमाशीच्या ‘स्लोपोक’ नावाच्या, मंद हालचालींच्या उत्परिवर्तित जातीत कॅल्शियमने उघडणारा पोटॅशियम प्रवाह नाहीसा झालेला असतो, हे १९८६ मध्ये समजले होते. १९९१ मध्ये अॅटकिन्सन, रॉबर्टसन आणि गॅनेट्स्की यांनी ते जनुक वेगळे केले. उंदरात आणि माणसातही त्याचे जोडीदार सापडले. अशी चार अल्फा प्रथिने एकत्र येऊन एक दार बनते आणि त्यांना जास्तीत जास्त चार बीटा प्रथिने चिकटू शकतात.

एकटे अल्फा पुरेसे असताना बीटा कशासाठी? याचे उत्तर १९९५ मध्ये मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून आले. बेडकाच्या अंडपेशींत एकदा नुसते अल्फा आणि एकदा अल्फा व बीटा दोन्ही तयार करवून त्यांनी चॅनेलचे वर्तन ताडून पाहिले. बीटा सोबत असला की तेवढ्याच कॅल्शियमला चॅनेल कितीतरी अधिक तत्परतेने उघडे. औषधांबाबतही फरक दिसला. घानामध्ये दम्यावर वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीतून मर्कच्याच प्रयोगशाळेने बीके चॅनेल उघडणारे द्रव्य मिळवले होते. ते बीटा असलेल्या चॅनेलवरच चालले, नुसत्या अल्फावर नाही. श्वासनलिकेचा स्नायू सैल करणाऱ्या वनस्पतीचे रहस्य अशा रीतीने या लहान प्रथिनापाशी येऊन थांबले. १९९६ मध्ये लिगिया टोरो यांच्या गटाने बीटाला प्रतिसाद देण्यासाठी अल्फाचा कोणता भाग लागतो तेही दाखवले: अल्फाच्या सुरुवातीला पेशीपटलातून जाणारा एक जादा खंड आहे आणि त्याचे टोक पेशीबाहेर राहते.

पुढे मेंदू, अॅड्रिनल ग्रंथी आणि इतर ऊतींत आणखी बीटा प्रथिने सापडली आणि कुटुंब चार जणांचे झाले. मृदू स्नायूंतील मूळच्या प्रथिनाला तेव्हा बीटा-१ हे नाव पडले. त्याचे माणसातील जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे.

ठिणगी आणि लगाम

बीटा-१ ची खरी किंमत कळली ती रक्तवाहिनीत. जोसेफ ब्रेडन आणि मार्क नेल्सन यांनी १९९२ मध्ये मेंदूच्या धमन्यांवर कॅरिब्डोटॉक्सिन सोडले, तेव्हा त्या अधिकच आवळल्या. आतील दाबाने आकुंचन होत असतानाच बीके चॅनेल ते आवरत असतात, असा त्याचा अर्थ होता. बेलिसच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग त्यात मिळाला.

मात्र एक कोडे शिल्लक होते. मृदू स्नायूच्या पेशीत सर्वत्र पसरलेले कॅल्शियम इतके थोडे असते की त्याने बीके चॅनेल फारसे उघडू नयेत. शिवाय कॅल्शियम तर स्नायू आकुंचित करते. त्याच कॅल्शियमने तो सैल कसा व्हावा? हे कोडे १९९५ मध्ये नेल्सन यांच्या गटाने ‘सायन्स’मधील लेखात सोडवले. पेशीच्या आत कॅल्शियमचा साठा असतो. त्यातून अधूनमधून क्षणभर एका ठिपक्याएवढ्या जागी कॅल्शियमचा झोत उठतो. त्याला ‘कॅल्शियमची ठिणगी’ म्हणतात. हृदयाच्या पेशींत ती दोन वर्षे आधीच दिसली होती. ठिणगी पेशीपटलाच्या अगदी लगत उठते आणि त्या ठिपक्यातील कॅल्शियम कैक पट वाढते. तेवढ्या जागेतील बीके चॅनेल एकदम उघडतात, पोटॅशियम बाहेर जाते आणि पेशीपटलाचा विद्युतदाब खाली येतो. त्यामुळे बाहेरून कॅल्शियम आत घेणारी दुसरी दारे मिटतात. ठिणगी लहान असल्याने तिच्या कॅल्शियमने स्नायू आवळत नाही. उलट तिच्या परिणामाने पेशीतील एकूण कॅल्शियम घटते आणि स्नायू सैलावतो.

या साखळीत बीटा-१ कुठे बसतो ते २००० मध्ये दोन गटांनी दाखवले. अमेरिकेत रॉबर्ट ब्रेनर, नेल्सन, रिचर्ड ऑल्ड्रिच आणि सहकाऱ्यांनी, तर जर्मनीत प्ल्युगर, पोंग्स आणि सहकाऱ्यांनी बीटा-१ चे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांच्या पेशींत ठिणग्या पूर्वीसारख्याच उठत होत्या आणि बीके चॅनेलही जागेवर होते, पण ठिणगीला चॅनेलचा प्रतिसाद क्षीण झाला होता. धमन्या अधिक आवळलेल्या राहत, रक्तदाब वाढलेला होता आणि हृदयाची डावी बाजू जाड झालेली आढळली. बीटा-१ नसेल तर ठिणगीचा इशारा दाराला नीट ऐकू येत नाही, असा याचा सारांश. अशाच प्रयोगांत मूत्राशय आणि श्वासनलिकेचे स्नायूही बीटा-१ वाचून जास्त आकुंचन पावताना दिसले.

माणसांतील पुरावा २००४ मध्ये आला. स्पेनमधील लोकसमूहाच्या अभ्यासात बीटा-१ च्या ६५ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन असलेला प्रकार सापडला. हा बदल चॅनेलला कॅल्शियमबाबत आणखी संवेदनशील करतो आणि असा प्रकार बाळगणाऱ्यांत खालचा रक्तदाब वाढलेला असण्याचे प्रमाण कमी दिसले. येथे बिघाडाने रोग होत नव्हता, तर लगाम थोडा घट्ट झाल्याने संरक्षण मिळत होते. त्याआधी १९९९ मध्ये एस्ट्राडिओल हे स्त्री-संप्रेरक बीटा प्रथिनाला चिकटून चॅनेल उघडते, असाही पुरावा मिळाला होता. २००८ मध्ये आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी रुग्णांत बीटा-१ च्या एका प्रकाराचा पुरुषांतील दम्याच्या तीव्रतेशी संबंध आढळला.

मात्र सारेच पुरावे एका दिशेने गेले नाहीत. २०११ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी बीटा-१ नसलेल्या उंदरांच्या शरीरात यंत्र बसवून त्यांचा रक्तदाब सलग मोजला. तो वाढलेला नव्हता. धमनीचा तुकडा वेगळा काढून पाहिला तर बीटा-१ चा परिणाम स्पष्ट दिसतो. पण जिवंत शरीरात मूत्रपिंडे, संप्रेरके आणि मज्जासंस्था रक्तदाब आपापल्या परीने सांभाळत असतात. एका लगामाची उणीव इतर भरून काढू शकतात.

विषाकडे पुन्हा

हे ज्ञान हाती आल्यावर महाडच्या उपचारांकडे पाहिले, तर एक दुवा ध्यानात येतो. सोडियम नायट्रोप्रुसाइड शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते. नायट्रिक ऑक्साइडने मृदू स्नायूत एक संदेशसाखळी सुरू होते आणि तिची एक वाट बीके चॅनेल उघडण्याकडे जाते, हे १९९४ च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसून आले. म्हणजे विंचवाने आवळलेल्या वाहिन्या सैल करताना या औषधाने, इतर वाटांबरोबर, त्याच दाराचाही आधार घेतला असणार. प्राझोसिन त्याच्या आधीच्या पायरीवर काम करते. ते अॅड्रिनलिनच्या अल्फा ग्राहींपाशीच आवळण्याचा हुकूम अडवते.

विंचवाच्या विषातील आयबेरिओटॉक्सिनचा माणसाच्या दुखण्यात वाटा किती, हा वेगळा प्रश्न आहे. विष अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. संकटाची सुरुवात सोडियम चॅनेलवर काम करणारी प्रथिने करतात. पोटॅशियम चॅनेल अडवणारी प्रथिने त्यांच्या जोडीला असतात आणि एकीकडे मज्जातंतूंचे उद्दीपन, दुसरीकडे ते शमवणाऱ्या दारांची अडवणूक, असा दुहेरी मारा भक्ष्यावर होतो. विंचवाच्या दृष्टीने त्याचे लक्ष्य किडा किंवा पाल असते. माणूस वाटेत येतो, एवढेच.

उपचारही प्राझोसिनपाशी थांबला नाही. मुंबईतील परळ येथे १८९९ मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झालेल्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून तांबड्या विंचवाच्या विषावरील प्रतिविष तयार झाले. प्राझोसिनला त्याची जोड द्यावी का, याची चाचणी बावस्कर दांपत्याने महाडमध्ये घेतली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापले. ७० रुग्णांचे दोन समान गट पाडले होते. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्यांपैकी ९१ टक्के रुग्ण १० तासांत लक्षणमुक्त झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, तर प्राझोसिन आधीच आवळलेल्या वाहिन्या सोडवते. म्हणून एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही. २०२२ मध्ये हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

दाराची रचना प्रत्यक्ष दिसण्यास मात्र बरीच वर्षे जावी लागली. रॉडरिक मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये अतिथंड नमुन्यांवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने समुद्री गोगलगायीच्या बीके चॅनेलचे संपूर्ण चित्र मिळवले. २०१९ मध्ये माणसाचा चॅनेल बीटा-४ सह दिसला. मेंदूत आढळणाऱ्या या बीटा-४ मुळे चॅनेलवर आयबेरिओटॉक्सिन जवळजवळ चालत नाही, हे २००० पासून ठाऊक होते. चित्रात त्याचे कारण दिसले: चार बीटा प्रथिनांचे बाहेरील वळसे चॅनेलच्या तोंडाभोवती मुकुटासारखे बसतात आणि विषाची वाट अडवतात. बीटा-१ चा वळसा याच जागी असतो, पण तो विषाला अडवत नाही. कॅरिब्डोटॉक्सिनची पकड तर त्याच्या सोबतीने अधिक घट्ट होते. १९९० च्या दशकात किरणोत्सारी खूण दारावर न पडता सोबत्यावर पडली, ती या शेजारामुळेच.